दहा हजार चौरस फूट

मतपत्रिका टपालाने यायला लागल्या तेव्हापासून आयनार ब्रेके यांचा लोकशाहीवरचा निम्मा विश्वास उडाला होता. माणसाने टाय लावून शाळेच्या जिममध्ये जावं, पडद्याआड उभं राहून मत द्यावं, ही त्यांची पद्धत. राज्याने मतदान केंद्रंच बंद करून घरबसल्या पायजम्यात मत द्यायची सोय केल्यावर त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला. दर ऑक्टोबरात एका रविवारी, चर्च सुटल्यावर, मुलांनी आणि जावयाने आपापल्या मतपत्रिका घेऊन त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी यायचं. टाय सोडायचा नाही. दोन माणसांच्या मध्ये कॉर्नफ्लेक्सचं खोकं उभं करायचं आणि गुप्त मतदान करायचं. खोक्याआड कोण कोणता गोल काळा करतंय ते दिसत नसे. पण त्याआधी दोन तास चर्चा होई, आणि कोण काय करणार हे निम्म्या गल्लीला ऐकू जाई.

यंदाचा रविवार थोरल्या मुलीसाठी, आर्डिससाठी होता, असं निदान सगळे म्हणत होते.

मतपत्रिकेवर ठराव होता तो दारूचा. वॉशिंग्टन राज्याने आपली दारूची दुकानं बंद करावीत आणि विक्री खाजगी दुकानदारांकडे सोपवावी. गेल्या वर्षी असले दोन ठराव एकदम आले होते आणि ते एकमेकांनाच खोडून काढत होते. लोकांनी दोन्ही पाडले. म्हणून यंदा मोठ्या दुकानांच्या कंपन्यांनी एकच आणला होता. ओल्बी गावचं सरकारी दारूचं दुकान बावीस वर्षं आर्डिसकडे होतं, त्याआधी एकतीस वर्षं तिच्या वडिलांकडे, आणि त्याआधी आजोबा टोरवाल्डकडे. दारूबंदी उठली तेव्हा राज्याला असा माणूस हवा होता की जो माल पिऊन टाकणार नाही. ओल्बीतल्या ल्यूथरन पंथाच्या मंडळींत टोरवाल्ड इतका कडक होता की चर्चच्या पेल्यातही तो द्राक्षाचा रसच मागायचा. तेव्हापासून ब्रेके घराणं दारूवर जगत होतं आणि तिचा थेंबही चाखत नव्हतं. घरचा इतिहास तरी तसा होता.

आर्डिसला आपल्या कामाचा अभिमान होता. भिंती करड्या, काचांना कागद चिकटवलेला, गाणं नाही, जाहिरात नाही, बर्फ नाही. गिऱ्हाइकाला काही सुचवायचं नाही, असं राजधानीचं परिपत्रकच होतं, आणि आर्डिसने ते फ्रेम करून लावलं होतं. "ज्याला हवी त्याला मिळावी आणि ज्याला नको त्याला आठवूही नये, याचा पगार आहे मला," ती सांगायची. हा ठराव पास झाला की ते दुकान जाणार होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिच्याकडे त्याखेरीज दुसरं फारसं काही नव्हतं. एक मांजर होतं, पण त्याचंही शेजाऱ्यांकडे जास्त जमायचं.

"तुझं दुकान गेलं की वाटा गेला," लोएल लेफ्शावर लोणी फासत म्हणाला. आर्डिसचा हा धाकटा भाऊ ओल्बीचा महापौर होता आणि बटाट्याच्या या पातळ पोळ्यांची गुंडाळीसुद्धा तो एखादी फीत कापावी तशी करायचा. "दारूच्या नफ्यातला गावाचा वाटा. वाटा गेला की वेन गेला. ताई, मी काय म्हणतो, हा प्रश्न तुझा एकटीचा नाहीच!"

वेन म्हणजे ओल्बीचं पोलीस खातं. त्या वाट्यातून त्याला सोमवार, बुधवार आणि शुक्रवारचा पगार मिळे. मंगळवारी आणि गुरुवारी गुन्हे करायला गाव मोकळं होतं, पण अजून कोणाला सुचलं नव्हतं. वाट्यातले दोन टक्के नियमानुसार व्यसनमुक्तीवर खर्च करावे लागत. ओल्बीपुरते ते वर्षाला एकशे चाळीस डॉलर भरत, आणि त्यात चर्चच्या तळघरात दर मंगळवारी भरणाऱ्या व्यसनमुक्ती मंडळाची कॉफी निघे.

"पण पुस्तिकेत लिहिलंय की वाटा कमी होणार नाही," डॅरेल म्हणाला. "उलट वाढेल. पान बावीस."

डॅरेल कॉप म्हणजे धाकट्या मार्लिसचा नवरा आणि गावातल्या एकुलत्या एका किराणा दुकानाचा मालक. तो मूळचा स्पोकेनचा, म्हणजे शहरातला. ओल्बीत येऊन त्याला अठराच वर्षं झाली होती.

"बावीसवर ठरावाच्या बाजूची मतं आहेत!" लोएल ओरडला. "तेवीसवर विरोधाची वाच. तिथे लिहिलंय की पोलीस जातील, लहान मुलं पिऊन रस्त्यावर पडतील—"

"ओल्बीत लहान मुलं आहेतच किती?"

"तो मुद्दा नाही!"

मतदारांच्या त्या पुस्तिकेतली एवढीच दोन पानं गावाने वाचली होती, एकाने बाविसावं, दुसऱ्याने तेविसावं. मागे बारीक अक्षरात छापलेला आख्खा ठराव वाचायला सरकारी परिपत्रकांची सवय लागते. आर्डिसने तो गुरुवारी तीनदा वाचला होता. पण तिला कोणी विचारलं नाही, आणि न विचारता सुचवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"कॉफी?" मार्लिस म्हणाली. तिने दुसरा कप भरायला घेतला तशी आर्डिसने पर्स मांडीवर ओढून रुमाल काढून ठेवला. मार्लिसचं रडणं दुसऱ्या कपाला सुरू होई. आज तिचे डोळे पहिल्यालाच भरून आले होते, तेव्हा काहीतरी ठरवून आलेत हे उघड होतं.

"बाबा," मार्लिस म्हणाली, "डॅरेलला तुम्हाला एक दाखवायचंय. रागावू नका हं. ताई, तूसुद्धा."

डॅरेलने कोटाच्या आतून चौकटीचा कागद काढला, जेलीचं भांडं बाजूला सारलं आणि कागद पसरला. कागदावर दोन चौकोन एकमेकांना चिकटून होते.

"ठरावात अट आहे," तो म्हणाला. "दारू विकायची तर दुकान दहा हजार चौरस फूट हवं. लहान दुकानांना नाही. माझं भरतं आठ हजार सातशे चाळीस."

"नक्की?" आयनारनी विचारलं. वय शहाऐंशी, पण आकडा ऐकला की त्यांची मान सरळ होई.

"दोनदा मोजलं, बाबा. फ्रीजखालचं धरून. आधी मी फळ्यांच्या दोन्ही बाजू धरत होतो, तेव्हा सव्वीस हजार भरलं. पण तसं चालत नाही म्हणाले."

"मग?"

डॅरेलने दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. "हे शेजारचं. तुमची इमारत. ताईंचं दुकान. तेराशे बारा. मधली भिंत पाडली की एकूण दहा हजार बावन्न." त्याने वर पाहिलं. "बावन्न उरतात!"

इमारत आयनारची होती, राज्य त्यांना भाडं देई, आणि डॅरेलच्या किराण्याची भिंत नि आर्डिसच्या दुकानाची भिंत एकच होती. दर तिसऱ्या वर्षी ती भिंत आर्डिस स्वतः रंगवायची. राजधानी ऑलिम्पियाहून करड्या रंगाचा डबा यायचा, त्यावर रंगाचा क्रमांक असायचा, आणि बावीस वर्षांत तो क्रमांक बदलला नव्हता.

"म्हणजे," ती म्हणाली, "डॅरेलराव, तुम्ही मत कुठे देणार आहात?"

"ताई, असं काय विचारता? मत गुप्त असतं."

"कागदावर बाणसुद्धा काढलेत तुम्ही. कुठून ठोकायचं त्याचे."

"मी तुमचाही विचार केलाय!" डॅरेल घाईने म्हणाला. "सगळ्यात आधी तुमचाच केला. दारूचा कोपरा तुमचा. एप्रन आम्ही देऊ. बिल्ला करूनही घेतलाय." आणि त्याने खिशातून हिरवा बिल्ला काढून लोण्याच्या ताटलीशेजारी ठेवला. त्यावर लिहिलं होतं: *मी आर्डिस! काय घ्यावं ते मला विचारा!* शेजारी हसरा चेहराही होता.

आर्डिसने बिल्ला उलटा करून ठेवला.

"लोएल," ती भावाकडे वळली, "तू काहीतरी म्हणत होतास. वेनबद्दल."

"म्हणतोच आहे!" लोएलने टाय सारखा केला. "डॅरेल, हे चालणार नाही. ताईच्या पोटावर पाय देऊन, गावाचा वाटा बुडवून—"

"बाटली घ्यायला आलेला माणूस नुसती बाटली घेत नाही, दादा," डॅरेल म्हणाला. "सोडा घेतो. कागदी कप घेतो. शेगडीला कोळसा घेतो. त्यावर विक्रीकर लागतो, आणि विक्रीकरात गावाचा हिस्सा असतो. सरकारी दुकानात यातलं काही मिळतं का? ताई तर बर्फ मागितला तरी माणसाकडे चोरासारखं बघतात."

"परिपत्रक आहे," आर्डिस म्हणाली.

"शिवाय दुकान मोठं झालं की घरफाळा वाढेल. भिंत पाडायच्या परवान्याची फी. वाढीव नळजोडणीची—"

"—बुडवून," लोएल म्हणाला, आणि त्याचं वाक्य तिथेच थबकलं. त्याने कागद थोडा स्वतःकडे ओढला. "कोळशावर धरून किती होईल हे?"

"वर्षाला? वेनचे पाच दिवस सहज."

"पाच दिवस," लोएल म्हणाला. वेनला मंगळवार, गुरुवार मिळवून देणारा महापौर म्हणून आपलं नाव कुठेतरी कोरलेलं त्याला दिसत असावं, कारण त्याचा आवाज मऊ झाला. "ताई, तसं पाहिलं तर... म्हणजे भावनेच्या भरात न जाता पाहिलं तर..."

"पाहा ना," आर्डिस म्हणाली. "दोन मिनिटांपूर्वी माझ्या पोटावर पाय होता. आता नुसता कोळसा दिसतोय."

"तू असं टाकून बोलतेस म्हणून कोणी तुझी बाजू घेत नाही!"

"तू घेतली होतीस की. लेफ्सा संपेपर्यंत."

मार्लिस रडू लागली. आर्डिसने रुमाल पुढे सरकवला. "आमच्यावर कर्ज आहे," मार्लिस हुंदक्यांमधून म्हणाली, "नवीन फ्रीज घेतलेत, आणि हायवेवर ते अवाढव्य दुकान झाल्यापासून लोक दूधसुद्धा तिकडून आणतात. ताई, तुझं काय जातंय? तुला पेन्शन आहे. सरकारी आहे तुझं सगळं."

"हो," आर्डिस म्हणाली. "माझं सगळंच सरकारी."

सगळ्यांनी आयनारकडे पाहिलं. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाशी नेला. त्या घरात निकाल नेहमी असेच लागत. अडतीस वर्षांपूर्वी लोएलने बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवावा की नाही हेही असंच ठरलं होतं, आणि लोएल गावाचा महापौर झाला.

"दुकान आर्डिसचं नव्हतं," ते म्हणाले. "माझंही नव्हतं. ते राज्याचं. राज्याला नको असेल तर ते बंद होईल, त्यात आपलं काही चालत नाही. इमारत मात्र माझी आहे." त्यांनी कागद खाली ठेवला. "आर्डिसला पेन्शन आहे. मार्लिसला फक्त डॅरेल आहे. ठराव पास झाला तर भिंत पाडा."

डॅरेलने थोरल्या मेहुणीचा हात हातात घेतला आणि हलवला. तिने तो काढून घेतला नाही, कारण हात आपला आहे हेच तिला क्षणभर उमगलं नाही. बावीस वर्षांत ती एकच दिवस रजेवर होती, आणि तोही बाबांच्या हृदयाच्या ऑपरेशनचा. त्या दिवशी दुकानाला कुलूप लागलं होतं आणि शुद्धीवर आल्यावर बाबांनी पहिला प्रश्न विचारला होता की दुकानात कोण आहे. आता त्याच बाबांनी तिला पेन्शनमध्ये मोजून बाजूला ठेवलं होतं.

"ताई, एकच विचारू?" डॅरेलने पेन्सिल काढली. निकाल इतका चांगला लागला होता की त्याला आता हिशेब मांडायची घाई झाली होती. "ओल्बीतून महिन्याला साधारण किती बाटल्या जातात? गावातल्या गिऱ्हाइकांना? मी अंदाज केलाय, सहाशे मोठी माणसं आहेत. माझ्याकडे बिअर कोणी घेतच नाही. सहा-सहाच्या खोक्यांवर धूळ बसते. आणि तुमच्याकडे तर दर आठवड्याला ट्रक येतो. म्हणजे इथले लोक सरळ व्हिस्कीवरच जातात, बरोबर ना?"

आर्डिसने त्याच्याकडे पाहिलं. अठरा वर्षं झाली तरी हा माणूस अजून नवाच होता.

ओल्बीतल्या माणसाला तिने बावीस वर्षांत दारू विकली ती चौघांना: कॅथलिक फादर, गुरांचा डॉक्टर, जर्मनीहून वाट चुकून आलेला पण इथेच राहिलेला एक सुतार, आणि एकदा पुराव्यासाठी वेन. बाकी सगळं गिऱ्हाईक घाटापलीकडच्या पिकरिंगचं. ओल्बीची माणसं जायची पिकरिंगच्या सरकारी दुकानात. चाळीस मिनिटांचा रस्ता. आपल्या गावात बाटली घेताना चुलत बहिणीने पाहण्यापेक्षा टायर झिजलेले बरे. या भागात समोरून येणाऱ्या गाडीला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करायची रीत होती, ती मोडली तर लोक घरी फोन करून विचारायचे की बरं आहे ना. पण शनिवारी दुपारी घाटाच्या रस्त्यावर ओल्बीच्या गाड्या तिकडे आणि पिकरिंगच्या इकडे जाताना कोणाचंही बोट उचललं जात नसे. चर्चच्या तळघरातल्या व्यसनमुक्ती मंडळातही ओल्बीच्या खर्चाची कॉफी पिकरिंगचेच लोक पीत.

आणि पिकरिंगकर आर्डिसकडे येत ते काचेवरच्या कागदासाठी. डॅरेलच्या गल्ल्यावर बसायची व्हर्ना, आणि ती पिकरिंगच्या पाद्रीसाहेबांची सख्खी बहीण. तिच्यासमोर पाव, अंडी आणि जिनची बाटली मांडेल असा माणूस पिकरिंगमध्ये जन्माला यायचा होता. ओल्बीत तर तो जन्मला असता तरी त्याने नाव बदललं असतं.

लोएलने तोंड उघडलं. दर शनिवारी तो ट्रॅक्टरचे सुटे भाग आणायला पिकरिंगला जायचा, आणि ट्रॅक्टर त्याने सहा वर्षांपूर्वीच विकला होता. हे डॅरेलला सांगायला हवं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट आलं. पण ते सांगायचं तर आपल्याला कसं माहीत तेही सांगावं लागलं असतं. त्याने तोंड मिटलं आणि जेली वाढून घेतली.

"ताई?" डॅरेलची पेन्सिल कागदावर टेकलेली होती.

"गिऱ्हाइकाबद्दल बोलता येत नाही," आर्डिस म्हणाली. "परिपत्रक आहे."

"घरातसुद्धा?"

"घरात तर मुळीच नाही."

"बरं, मी सहाशेच धरतो."

"धरा," आर्डिस म्हणाली.

खोकी उभी राहिली. डाव्या बाजूला लोएल, उजवीकडे मार्लिस, समोर बाबांचा टाय तेवढा दिसत होता. आर्डिसने मतपत्रिका उलगडली. दारूचा ठराव पहिलाच होता. आठवडाभर दुकानात लोक तिला विचारत होते, काय करायचं, आणि ती नियमानुसार म्हणत होती की मला मत नाही. आता खोक्याआड बसल्यावर मत असायला हरकत नव्हती. सकाळी ती 'नाही'चा गोल काळा करायचं ठरवून आली होती. त्यासाठी नवीन पेनही आणलं होतं.

बारीक अक्षरातलं ते कलम तिला तोंडपाठ होतं. जी सरकारी दुकानं बंद होतील, त्या त्या जागी दारू विकायचा हक्क राज्य लिलावात काढेल. कोणीही बोली लावावी. आणि अशा जागेला दहा हजार फुटांची अट लागणार नाही. म्हणजे डॅरेलला भिंत पाडायची गरजच नव्हती. ओल्बीच्या हक्कावर बोली लावली असती की त्याला तेराशे फुटांतही विकता आलं असतं. हे तो विचारेल तर सांगावं का, यावर आर्डिसने प्रामाणिकपणे विचार केला. पण त्याने बाटल्या विचारल्या होत्या, कलम नाही.

आणि पिकरिंगचा हक्कही लिलावात निघणार होता.

तिने पेनचं टोपण काढलं आणि 'होय'चा गोल काळा केला. अगदी कडेपर्यंत केला, बाहेर न जाता, भिंत रंगवावी तसा.

"झालं?" आयनारनी विचारलं.

"माझं कधीच झालं," डॅरेल म्हणाला.

"माझं पेन चालत नाहीये," मार्लिस म्हणाली.

"हे घे माझं," आर्डिस म्हणाली.

लिफाफे चिकटवले, सह्या झाल्या. लोएलने वेनला फोन लावला, पण रविवार असल्याने पोलीस खातं बंद होतं. डॅरेल जाताजाता बाहेरच्या बाजूने पावलं टाकून घराची लांबी मोजत गेला. ती आता त्याची सवयच झाली होती. मार्लिसने बहिणीला मिठी मारली आणि खरोखर मनापासून म्हणाली, "तू इतक्या मोठ्या मनाची असशील असं वाटलं नव्हतं."

"मलाही नव्हतं वाटलं," आर्डिस म्हणाली.

मग स्वयंपाकघरात ती भांडी घासू लागली आणि आयनार टॉवेल घेऊन शेजारी उभे राहिले. त्यांनी एक ताटली तीनदा पुसली.

"मागचं बारीक वाचलंस?" त्यांनी विचारलं.

तिचे हात पाण्यात थांबले. "गुरुवारी. तुम्ही?"

"बुधवारी."

"मग भिंत का दिलीत त्याला?"

"भिंत मागितली, भिंत दिली. अक्कल मागितली असती तर तीही दिली असती."

"मला पेन्शन आहे म्हणालात. सगळ्यांसमोर." तिने नळ बंद केला. "ते लागलं मला, बाबा."

आयनारनी ताटली ठेवली. दिलगिरीचे शब्द त्या घरात तीन पिढ्यांत कोणी वापरले नव्हते आणि ते कुठे ठेवलेत हे त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी टॉवेलची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"पिकरिंगची बोली लावायला पैसे लागतील," ते म्हणाले. "भिंतीपलीकडच्या जागेचं भाडं तो मला देईल. ते तू घे. दर महिन्याला."

आर्डिसने मान डोलावली. नळ पुन्हा सोडत ती म्हणाली, "एकतीस वर्षं बसलात तुम्ही. तुमच्याकडे ओल्बीतले किती यायचे?"

"दोन. त्यातला एक वारला." ते खिडकीतून घाटाच्या दिशेने पाहू लागले. "जानेवारीत बर्फाने घाट बंद पडतो. आठवडाभर तरी. त्या आठवड्यात कोणाला पिकरिंगला येता येणार नाही."

"नाही येणार."

"म्हणजे डॅरेलकडे जातील."

आर्डिसने शेवटचा कप विसळून त्यांच्या हातात दिला.

"जाऊ देत," ती म्हणाली. "काही झालं तरी घरचाच आहे."